आठ, दहा की पंधरा?

पनवेलजवळच्या रोडपालीतल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं की पश्चिमेला खारघरचा डोंगर दिसतो आणि पूर्वेला माथेरानची रांग. पाऊस संपून हवा धुतली गेली की प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका डोळ्यांनी वेगळे काढता येतात, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा ओळखू येतो. मधे कळंबोलीचा पोलाद बाजार, तळोज्याच्या चिमण्या, महामार्ग आणि खाडीकडची खारफुटी. दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस याच दृश्याकडे पाहून मनाशी हिशेब करतो: डोंगर एवढा लांब, तर दुर्बीणही मोठ्या पटीची हवी. मग तो दुकानात जाऊन वीसपटीची मागतो. दुकानदार खुशीत ती काढून देतो. महिन्याभरात ती कपाटावर जाते.

अंतरावरून पट ठरवणं ही दुर्बिणीच्या खरेदीतली सर्वांत मोठी गफलत आहे. पट ठरवायची ती तुम्हाला काय शोधायचंय, ते किती वेळ शोधायचंय आणि तुमचे हात तेवढा वेळ किती स्थिर राहतात यावरून.

दुर्बिणीवर 8×42, 10×42, 15×56 असे आकडे छापलेले असतात. पक्षिनिरीक्षक त्यांना ‘आठ बाय बेचाळीस’, ‘दहा बाय बेचाळीस’ म्हणतात. पहिला आकडा पटीचा, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आठपट म्हणजे वस्तू आठव्या हिश्शाएवढ्या अंतरावर आल्यासारखी दिसणार. रोडपालीहून खारघरचा डोंगर चार किलोमीटरवर धरला, तर आठपटीतून तो अर्ध्या किलोमीटरवर येतो, दहापटीतून 400 मीटरवर, पंधरापटीतून साधारण 270 मीटरवर. आठ आणि दहा यांत फरक फक्त 100 मीटरचा. कागदावर हा फरक मोठा वाटतो, डोळ्याला तेवढा वाटत नाही.

आता डोळ्याची बाजू. निरोगी डोळा साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, कोन वेगळा ओळखू शकतो. चार किलोमीटरवर हा कोन सव्वा मीटरच्या आसपास भरतो. खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडीसारखे आदिवासी पाडे आहेत. तिथल्या उतारावर शेळी चरत असेल, तर रोडपालीच्या गच्चीवरून उघड्या डोळ्याला ती नीट ठिपकाही होत नाही. आठपटीतून मात्र हिशेबाने पंधरा सेंटिमीटरचा तपशील सुटा व्हायला हवा, दहापटीतून बारा सेंटिमीटरचा. म्हणजे शेळीची आकृती दिसावी, मान वर की खाली तेही कळावं. प्रत्यक्षात एवढं क्वचितच दिसतं, आणि त्याचा दोष भिंगाचा नसतो. एक दोष हवेचा, दुसरा हाताचा.

हाताचा आधी. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. श्वास, नाडी, खांद्याचा ताण यांनी तो सतत बारीक हलत असतो. दुर्बीण वस्तू जितकी पट मोठी करते तितकाच हा कंपही मोठा करते. आठपटीपर्यंत बहुतेकांना तो जाणवत नाही. दहापटीला जाणवतो, पण सवयीने आटोक्यात येतो. बारापटीला चांगल्या दुर्बिणीतूनही पिसांची कड थरथरते, आणि पंधरापटीला हातात धरून पाहणं म्हणजे हेलकावणाऱ्या होडीतून पेपर वाचणं. हातात धरलेली दहापट पुष्कळदा टेकवलेल्या आठपटीपेक्षा कमी तपशील दाखवते. हे कुणी सांगून पटत नाही. दुकानातच दोन्ही लावून समोरच्या रस्त्यावरची एखादी पाटी वाचून पाहावी.

यावर उपाय दोन. एक ट्रायपॉड. दुसरा, आतली भिंगं किंवा लोलक कंपाच्या उलट दिशेने हलवून चित्र थांबवणारी स्टॅबिलायझेशनची दुर्बीण. कॅननच्या 10×30, 12×36 या प्रकारातल्या आहेत. त्या खरोखरच थक्क करतात, पण बॅटरी लागते, वजन आणि किंमतही वाढते.

खरा मुद्दा यापुढचा आहे. दुर्बिणीचं काम दोन प्रकारचं असतं, शोधणं आणि ओळखणं. कुठे काही आहे का, हे कळायला विस्तार लागतो. जे आहे ते नेमकं काय, हे कळायला पट लागते. आणि पट वाढली की विस्तार घटतो. चांगल्या 8×42 मधून एक किलोमीटरवर साधारण 140 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. 10×42 मधून 112च्या आसपास, 15×56 मधून जेमतेम 77. रुंदीवर जाऊ नका, क्षेत्रफळ काढा. जो उतार आठपटीत शंभर ठिकाणी नजर थांबवून पाहून होतो, त्याला दहापटीत दीडशेहून जास्त थांबे लागतात आणि पंधरापटीत सव्वातीनशेहून जास्त. तेवढ्या वेळात उतारावरचं जनावर उठून पलीकडे गेलेलं असतं.

हा वाद सर्वांत हिरीरीने घालतात ते उत्तर अमेरिकेतले रानमेंढ्यांचे शिकारी. अलास्कातली पांढरी डॉल मेंढी, रॉकी पर्वतातली मोठ्या शिंगांची बिगहॉर्न. हे शिकारी पाठीवर तंबू-अन्न घेऊन आठ-दहा दिवस डोंगरात राहतात आणि दिवसाचे कित्येक तास एका जागी बसून समोरचा कडा विंचरतात. एक पक्ष म्हणतो, दहापटीची दुर्बीण आणि सोबत स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची मोठ्या पटीची एकनळी दुर्बीण. दुसरा म्हणतो, पंधरापटीची ट्रायपॉडवर लावा, डोळे थकत नाहीत. शिकारीचं सोडा, पण त्यांच्या वादात एक शहाणपण आहे. अलास्कात शिकारयोग्य नराचं शिंग पूर्ण वळसा घेतलेलं असावं लागतं, किंवा दोन्ही टोकं तुटलेली, किंवा वय किमान आठ वर्षं, आणि वय शिंगावरची वर्षवलयं मोजून ठरतं. अशी वलयं एक किलोमीटरवरून कुठल्याही हातातल्या दुर्बिणीत मोजता येत नाहीत, पंधरापटीतही नाही. त्याला चाळीस-साठपटीचा स्कोपच लागतो. म्हणजे ओळखण्याचं काम शेवटी स्कोपकडेच जाणार असेल, तर दुर्बिणीने शोधण्याचं काम चोख करावं आणि पाठीवर हलकं असावं. मला पहिला पक्ष बरोबर वाटतो तो यामुळे. साधारण 10×42 दुर्बीण 650 ते 850 ग्रॅम भरते. 15×56 सव्वा किलोच्या घरात जाते, वर तिला पेलणारा ट्रायपॉड. चढावर हे ग्रॅम गुडघ्यांना कळतात.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न निकालात काढला. पण बंदुकीकडून दुर्बिणीकडे येण्याची वाट त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती आपल्याच रायगड जिल्ह्यातून जाते. 1908 साली मुंबईतल्या एका बारा वर्षांच्या मुलाने एअरगनने चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा निघाला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तो मुलगा सलीम अली. तरुणपणी त्यांना शिकारीची चांगलीच आवड होती. पण 1930 साली ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते तेव्हा घराजवळच्या सुगरणींची वसाहत त्यांनी रोज पाहिली, आणि त्यातून सुगरणीच्या विणीचं जे गणित उलगडलं ते बंदुकीने उलगडलं नसतं. तासन् तास एका जागी बसून पाहणं, हे त्या अभ्यासाचं भांडवल. शिकाऱ्याचा संयम घ्यावा आणि बंदूक घरी ठेवावी.

महाराष्ट्रात रानमेंढी नाही. सह्याद्रीत नीलगिरी ताहर आहे, पण तो केरळ-तमिळनाडूच्या उंच गवताळ माथ्यांवर. रानमेंढी पाहायची तर हिमालय गाठावा लागतो. लडाखमध्ये उरियल, म्हणजे तिथला शापू. तिबेटी पठाराच्या कडेला अरगली. आणि लडाख-स्पितीत सहज भेटणारा भरल. भरलाला इंग्रजी नावात निळी मेंढी म्हटलं असलं तरी तो धड मेंढी नाही, धड बकरीही नाही. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलर यांनी त्याच्या वागणुकीचा अभ्यास करून तो बकरीच्या अधिक जवळचा ठरवला. याच भरलासाठी ते 1973 साली पीटर मॅथिसन या लेखकाला बरोबर घेऊन नेपाळमधल्या शे गोम्पाला गेले होते. आता हिवाळ्यात स्पितीतल्या किब्बरला किंवा लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकला जाणाऱ्यांत पुण्या-मुंबईची, पनवेलची मंडळी असतातच. जातात बिबट्यासाठी, हिमबिबट्यासाठी. पण आधी दिसतो तो भरल, आणि भरल बिथरले तर बिबट्या कुठे असेल याचा अंदाज येतो.

भरलाचा रंग पाटीच्या दगडासारखा करडा. तो बसून रवंथ करत असला तर दगड आणि तो यांत फरक नाही. नजर लागते ती त्याच्या पांढऱ्या पोटावर, नराच्या कुशीवरच्या काळ्या पट्ट्यावर, किंवा कान हलला तर त्या हालचालीवर. हालचाल पकडायला रुंद दृश्य लागतं आणि चित्र स्थिर लागतं. तिथले स्थानिक वाटाडे आधी उघड्या डोळ्यांनी आणि साध्या दुर्बिणीने उतार पाहतात, शंका आली की स्कोप लावतात. पाहुणा मात्र पहिल्या मिनिटापासून स्कोपला डोळा लावून बसतो आणि तासाभरात त्याचं डोकं दुखायला लागतं.

आता परत पनवेलला. इथे वर्षभर काय पाहायचं असतं? कर्नाळा पक्षी अभयारण्य 1968 सालचं, मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांनी पसरलेलं. तिथल्या दाट झाडीत स्वर्गीय नर्तक, भृंगराज, शीळकरी कस्तूर दहा-वीस मीटरवर असतात आणि एका फांदीवर दोन सेकंद थांबतात. पक्ष्याकडे पाहता पाहता दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि पक्षी चौकटीत सापडायला हवा. इथे दहापट नडते. चौकट अरुंद, आणि स्पष्ट दिसणारा खोलीचा पट्टाही अरुंद, त्यामुळे फोकस फिरवेपर्यंत फांदी रिकामी. आठपटीत पुढची-मागची पानं, फांदी, पक्षी बरंच एकत्र स्पष्ट राहतं. पायवाटेवर ओढ्याकाठी तिबोटी खंड्या बसलेला असतो तेव्हा दुर्बीण किती जवळचं दाखवते हाही प्रश्न येतो. दोन-अडीच मीटरवर फोकस होत असेल तर फुलपाखरंही पाहून होतात.

अभयारण्यातून वर किल्ल्यावर गेलं की काम बदलतं. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका सव्वाशे फुटांच्या आसपास, त्यावर मधमाश्यांची पोळी, आणि कड्यांच्या भोवती घिरट्या घेणारे शिकारी पक्षी. शाहीन ससाणा असेल तर तो आकाशात, लांब आणि वेगात. इथे दहापट कामाला येते, कारण मागे मोकळं आकाश असतं, शोधणं सोपं आणि ओळखणं कठीण. मात्र मधमाश्यांच्या पोळ्यांकडे दुर्बिणीनेच पाहावं, जवळ जाऊन नाही. आणि घार-गरुडांमागे दुर्बीण फिरवताना सूर्य चौकटीत येऊ देऊ नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

तिसरी जागा चिखलाची. सिडकोने कळंबोली वसवली तेव्हा भरतीच्या पातळीखालच्या जमिनीतलं पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवले. अशा तलावांवर बगळे, पाणकावळे, शेकाट्या दिसतात, आणि त्यांना आठपट पुरते. खाडीवर मात्र गोष्ट वेगळी. ओहोटीला चिखलावर उतरणारे चिमणीएवढे किनारपक्षी दोनशे-तीनशे मीटरवर असतात. चोच किती लांब, पाय काळे की पिवळे, यावर ओळख ठरते. तिथे दहापटीनेही भागत नाही. वीस ते साठपटीचा स्कोप लागतो, नाहीतर ‘किनारपक्षी, बारीक’ एवढंच वहीत लिहून पुढे जावं. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 साली ती खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तिथल्या रोहितांना मात्र आठपट भरपूर, कारण थव्याचा पसाराच पाहण्यासारखा असतो.

हवेबद्दल वर अर्धवट सोडलं होतं. आपल्या भागातली हवा दमट, धुळीची, कारखान्यांच्या धुराची. हिवाळी सकाळी तळोज्यावर करडा थर बसलेला दिसतो. त्या थरातून पाहताना पट वाढवली तर धूसरपणाच मोठा होऊन दिसतो, तपशील वाढत नाही. दुसरं, ऊन चढलं की चिखल, डांबर, पत्रे तापतात आणि त्यांच्यावरची हवा उकळल्यासारखी हलते. मार्चच्या दुपारी खारघरच्या डोंगराकडे पंधरापटीने पाहिलं तर कडा पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. चार किलोमीटरवर पंधरा सेंटिमीटरचं ते गणित इथे कोसळतं. कोकणात मोठी पट वापरायची वेळ सकाळी नऊच्या आत, किंवा पाऊस पडून गेल्यावर. स्पितीतल्या कोरड्या, थंड हवेत दहा-बारापट जितकी उपयोगी पडते तितकी ती इथे कधीच पडत नाही, आणि तिथे वापरलेल्या दुर्बिणीची स्तुती ऐकून इथे खरेदी करणारे फसतात ते याच कारणाने.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. समोरच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. 8×42 ला सव्वापाच मिलिमीटर, 10×42 ला 4.2, 15×56 ला 3.7. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी सगळ्या सारख्याच उजळ वाटतात. फरक कळतो पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा बाहुली मोठी होते आणि प्राणी बाहेर येतात. तरुणपणी ती अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास अडते. म्हणून पन्नाशीच्या माणसाला 7×50 मधला सात मिलिमीटरचा झोत पूर्ण वापरता येत नाही. त्याने त्या वजनाचं ओझं का वाहावं?

चष्मा असेल तर पटीच्या आधी आय रिलीफ पाहा, म्हणजे डोळा भिंगापासून किती अंतरावर ठेवून पूर्ण चौकट दिसते ते. पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्म्यातून चौकटीच्या कडा कापल्या जातात, आणि रुंद दृश्यासाठी मोजलेले पैसे वाया. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्यावी. साध्या दुर्बिणीत जुलै-ऑगस्टमध्ये भिंगांवर आतून बुरशीची जाळी धरते, आणि ती साफ करण्याचा खर्च पुष्कळदा नव्या दुर्बिणीच्या जवळ जातो.

स्वस्तात चांगली मिळत नाही असं नाही. इग्नाझिओ पोरो या इटालियन अभियंत्याने 1854 साली लोलकांची जी रचना पेटंट केली, तीच जुन्या वळणाच्या, खांदे रुंद असलेल्या दुर्बिणींत आजही असते, आणि कमी किमतीत ती सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा बहुधा चांगलं चित्र देते. ऑलिंपसची 8×40 किंवा निकॉन अॅक्युलॉनची 8×42 घेऊन पक्षी पाहायला लागलेली माणसं भरपूर आहेत. टाळायच्या त्या झूमच्या. 10 ते 30 पट असं छापलेल्या दुर्बिणीत दहापटीलाही चौकट बोळासारखी अरुंद असते, आणि तीसपटीला अंधार. आणि रस्त्यावर किंवा ऑनलाइन ‘100×’ लिहिलेली दिसली, तर तो आकडा फक्त छापलेला आहे एवढं समजावं.

पाहण्याची रीत पटीपेक्षा जास्त फळ देते. बसा. पाठ दगडाला किंवा सॅकला टेकवा, कोपरं गुडघ्यांवर. उतार मनातल्या मनात आडव्या पट्ट्यांत वाटून घ्या, वरच्या पट्ट्यापासून सुरुवात करा, चौकट हलवा आणि थांबवा. सरकत्या चौकटीत डोळ्याला हालचाल दिसत नाही, थांबलेल्या चौकटीत दिसते. प्रत्येक थांब्याला चार-पाच सेकंद द्या. सराव हवा असेल तर खारघरच्या डोंगराच्या पायथ्याला जा आणि उतारावरच्या शेळ्या मोजा. नंतर तिथल्या गुराख्याला विचारून ताडून पाहा. तो न पाहताच आकडा सांगेल. गच्चीवरून पाहत असाल तर दुर्बीण डोंगराच्या उंचीवरच ठेवा. समोरच्या इमारतीत खिडक्या आहेत, आणि रोडपालीत नवी मुंबई पोलिसांचं मुख्यालयही आहे.

तर घ्यायची कोणती? कर्नाळा, तलाव, खाडीकाठ हा ज्याचा वर्षभराचा वावर आहे, त्याने 8×42 घ्यावी आणि पुढे स्पितीला जायचं ठरलं तर तीच न्यावी. तिथे ओळखण्यापुरता स्कोप सोबतच्या वाटाड्याकडे असतो. ज्याचा बहुतेक वेळ किल्ल्यांच्या कड्यांवर आणि हिमालयात जातो, त्याची 10×42. चष्मेवाल्याने आणि ज्याचे हात कापतात त्याने आठच्या वर जाऊ नये. पंधरापट फक्त त्याने घ्यावी ज्याच्याकडे चांगला ट्रायपॉड आधीपासून आहे आणि तो रोज डोंगरावर वाहून न्यायची तयारी आहे. दोन दुर्बिणींत मन अडकलंच तर कमी पटीची निवडा, आणि वाचलेल्या पैशांतून ट्रायपॉड आणा.